दी गावची वाइन आणि खालची पट्टी

बहरीनमध्ये उन्हाळा परत आल्याचं सगळ्यात आधी चष्म्याला कळतं. ऑफिसच्या गार खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की दोन्ही काचांवर वाफ धरते आणि गाडीपर्यंतची वाट अंदाजाने काढावी लागते. घरांच्या खिडक्या बाहेरून भिजतात. गार पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं. म्हणून लोक गीझर बंद ठेवतात, त्याच्या टाकीत घरातल्या हवेने निवलेलं पाणी गरम पाण्याच्या नळातून घेतात आणि त्याने आंघोळ करतात. नव्याने आलेल्यांना हा उलटा व्यवहार समजायला एक उन्हाळा जातो.

याच दिवसांत आमच्या गोदामात फ्रान्समधल्या दी गावची वाइन येते. परवा आली. मी वाइन आयात करणाऱ्या इथल्या एका कंपनीत काम करते. हॉटेलांना पाठवायच्या यादीत प्रत्येक वाइनबद्दल चार ओळी लिहायच्या आणि तिथल्या वेटर मुलामुलींना त्या समजावून सांगायच्या, हे माझं काम. त्याआधी नाशिकला एका दैनिकाच्या डेस्कवर होते. शेतीचं पान माझ्याकडे असायचं: गारपीट, द्राक्षांचे भाव, निर्यातीचे नियम. नवऱ्याला, मंदारला, इथे इंजिनियरची नोकरी लागली आणि आम्ही मुहर्रकला राहायला आलो. न पाहिलेल्या जागेबद्दल अचूक लिहिण्याची सवय होतीच. फक्त जागा बदलल्या.

दी हे आग्नेय फ्रान्समधलं, द्रोम नदीच्या खोऱ्यातलं छोटं गाव. गावामागे ग्लांदास नावाचा कडा आहे, चुनखडीचा, सुरीने कापल्यासारखा सरळ. खोऱ्यात अक्रोडाची झाडं आहेत, लॅव्हेंडरची शेतं आहेत, मेंढ्या आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी मेंढ्यांचे कळप गावातल्या रस्त्यांवरून डोंगराकडे चढतात आणि त्या दिवशी गाड्यांनी थांबायचं असतं. द्राक्षबागा लहान लहान तुकड्यांत, उंचावर. रासायनिक औषधं न वापरणारे शेतकरी त्या खोऱ्यात पुष्कळ आहेत. द्राक्षं मुख्यतः दोन जातींची. म्युस्का, जिला फुलांचा वास असतो, आणि क्लेरेत, जी थोडी आंबटपणा देते.

तिथली फेसाळ वाइन करण्याची रीत जुनी आहे. रस थंड ठेवून अगदी सावकाश आंबवतात आणि आंबणं पुरं व्हायच्या आतच बाटलीत भरून बूच लावतात. वरून साखर घालत नाहीत. उरलेलं आंबणं बंद बाटलीत, तळघराच्या गारव्यात, काही महिने चालू राहतं. त्यातून जो वायू निघतो त्याला जायला जागा नसते, म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. बूच काढल्यावर जो फेस दिसतो तो हा वायू.

गोदाम सांभाळणारे परब कणकवलीचे. पहिल्यांदा त्यांना हे सांगितलं तेव्हा ते हसले.

"म्हणजे आमची माडीच की, ताई! सकाळी उतरलेली माडी बाटलीत भरून बूच घट्ट लावलात, तर दुपारपर्यंत बूच आढ्याक. फक्त आमच्या माडीक कोणी चांदीचो कागद गुंडाळूक नाय."

"आणि परब, आपण ही वाइन उन्हात ठेवली तर?"

"मग तुमी लिवा, खोके इले. मी लिवतंय, फुटले."

ज्या उन्हाळ्याबद्दल लिहायला बसले आहे, तो काही वर्षांपूर्वीचा. दी गावाजवळच्या ज्या बागेतून आमची वाइन येते ती ओदील नावाची एक बाई चालवते. साठीच्या आसपासची, आखूड केसांची, मोडकंतोडकं इंग्रजी मोठ्या आवाजात बोलणारी. कामाच्या निमित्ताने आमचं व्हिडिओवर बोलणं व्हायचं. एकदा तिने बागेत फिरून पानं दाखवली. पानांवर निळसर झाक होती. मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारलेलं. नाशिकचा कुठलाही द्राक्षवाला ते लांबून ओळखेल. आपल्याकडे त्याला बोर्डोच म्हणतात, नाव फ्रान्सचंच. मी तिला म्हणाले, माझ्या भावाच्या बागेत हेच मारतात. तेव्हापासून ती माझ्या भावाची चौकशी करू लागली. 'तुझा दिंडोरीवाला' म्हणायची. दिंडोरीचा उच्चार तिला छान जमायचा.

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. वडील गेल्यावर दादाने ती सांभाळली. वरचा भाग खायच्या द्राक्षांचा, तो दादाचा. ओढ्याकडची खालची पट्टी वडिलांनी माझ्या नावावर केली होती आणि तिथे वाइनची द्राक्षं लावली होती. ती विकत घेणाऱ्या वाइनरीने पुढे करार वाढवला नाही. मी दादाला म्हणाले, पट्टी राहू दे. रासायनिक औषधं बंद कर. माझ्याकडे माणसं आहेत, माहिती आहे. दोन-तीन वर्षांत आपण स्वतःची फेसाळ वाइन करू, दीसारखी. दादा म्हणाला, बरं. त्यानंतर मी बहरीनहून सूचना पाठवायचे आणि तो त्याप्रमाणे करायचा. गवत मारायचं औषध बंद झालं, म्हणून गवत हाताने काढायचं. बोर्डोचं प्रमाण कमी ठेवायचं, म्हणून फवारणी जास्त वेळा करायची. रोग आला की तो मला फोटो पाठवायचा आणि मी तो ओदीलला पाठवायचे. दिंडोरीच्या पानावरचा तेलकट डाग द्रोमच्या खोऱ्यातून तपासून यायचा. यात मला तेव्हा काही विचित्र वाटत नव्हतं.

ओदील म्हणाली, ये. तोडणीला ये. रस कधी थंड करायचा, बाटलीत कधी भरायचा, हे फोनवर कळत नाही, नाकाने कळतं. तिने तसं निमंत्रण पाठवलं. मी फ्रान्सच्या व्हिसाचा अर्ज केला. बेत असा होता की सप्टेंबरमध्ये आधी फ्रान्स, तिथून थेट नाशिक. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे गोडी छाटणी असते, म्हणजे फळासाठीची छाटणी. त्याआधी बागेचं काय ते ठरवावं लागतं. दादा पट्टी काढून टाकायचं म्हणू लागला होता. मला त्याच्यासमोर हातात काहीतरी घेऊन उभं राहायचं होतं.

अर्जात प्रवासाचं कारण विचारतात. मी लिहिलं, द्राक्षतोडणीत भाग घेण्यासाठी. मंदारने ते वाचलं.

"टुरिझम लिही आणि मोकळी हो."

"पण मी टुरिझमला जात नाहीये."

"विजू, ही बातमी नाहीये. इथे खोट्याचा खुलासा छापावा लागत नाही."

मी ते बदललं नाही. व्हिसा केंद्राच्या काउंटरवरची मुलगी केरळची होती. तिने ती ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं, परत वाचली.

"मॅडम, आप अंगूर तोड़ने जा रहे हो?"

"हां."

"मतलब काम करने?"

"काम नहीं. सीखने."

"पैसा मिलेगा?"

"नहीं."

"तो फिर क्यों जा रहे हो?" तिने हे अगदी मनापासून विचारलं. मग कागदांना टाचणी मारली. पासपोर्ट जमा झाला. पावती मिळाली. टूरिस्ट व्हिसावर शेतात हात लावणं हेसुद्धा काम धरलं जाऊ शकतं, हे मला नंतर समजलं. अर्ज खुलाशासाठी बाजूला निघाला.

त्यानंतरचे आठवडे आठवतात ते एकाच उजेडात, पडद्यामागच्या पांढऱ्या उजेडात. पासपोर्ट हाताशी नसणं म्हणजे काय, हे बेटावर राहिल्याशिवाय कळत नाही. एरवी तो कपाटात पडून असतो आणि महिनोन्‌महिने त्याची आठवण येत नाही. पण तो नाही म्हटल्यावर बेटाचा आकार दिसायला लागला. उत्तरेकडच्या टोकापासून दक्षिणेकडच्या वाळूपर्यंत गाडीने तास पुरतो. पश्चिमेला सौदीकडे जाणारा पूल आहे. शुक्रवारी ओळखीची कुटुंबं त्यावरून पलीकडे जेवायला, खरेदीला जातात. आम्ही पुलाच्या अलीकडे गाडी वळवून परत यायचो.  इथलं ओळखपत्र, सीपीआर कार्ड, खिशात होतं, राहायला पूर्ण परवानगी होती. फक्त जायला नव्हती.

मुहर्रकला आमच्या घरावरून विमानं उतरतात. इतकी खाली की चाकं दिसतात. पूर्वी त्यांचा आवाज ऐकू येत नसे, सवयीने. त्या उन्हाळ्यात प्रत्येक विमान ऐकू यायला लागलं. खालच्या दुकानातला म्हातारा बहरीनी दुकानदार रोज विचारायचा, फ्रान्सला कधी? मी म्हणायचे, पासपोर्ट मफी, म्हणजे नाही. तो हात वर करून म्हणायचा, इंशाल्ला. पुढे पुढे मी दिसले की तो आधीच हात वर करायचा.

कधी कधी हिरवं पाहायला बुदैयाकडे जायचो. हायवेच्या कडेला जुन्या वाड्या आहेत, खजुराची झाडं, रोपवाटिका. एका रोपवाटिकेत कुंडीत द्राक्षाची वेल होती. पानं कडेने करपलेली, मुळं कुंडीच्या भोकातून बाहेर येऊन खालच्या सिमेंटला चिकटलेली. मी खाली बसून पानाची मागची बाजू पाहिली. मंदार म्हणाला, "फोटो काढ, ओदीलला पाठव." तो चिडवत होता. मी पाठवला. ओदीलचं उत्तर आलं: बिचारी.

ऑगस्ट संपत आला तशी दादाच्या फोनची भाषा बदलली.

"आलं का तुझं पुस्तक?" पासपोर्टला तो पुस्तक म्हणतो.

"नाही अजून."

"इथं पावसानं पार वाट लावली. डाग पडले पुन्हा. ओढ्याकडच्या सगळ्या रांगांना."

"बोर्डो मारलंस का?"

"मारलं. पावसानं धुतलं. पुन्हा मारलं. अगं, तू तिकडं गोऱ्याच्या मळ्यात फुकट द्राक्षं तोडायला चालली, अन् इथं आपल्या मळ्यात पैसे देऊन माणूस मिळंना!"

"म्हणूनच जातेय ना. शिकून आले की..."

"शिकून ये. पण येल काही तुझ्या साहेबाच्या सहीसाठी थांबत नसती. हे बघ, मी मशीनवाल्याशी बोललोय. पट्टी काढायची अन् कांदा लावायचा. चार महिने राबायचं, मग मोकळं. आता पितृपक्ष लागंल, त्यात कुणी मशीन लावत नाही. सर्वपित्री झाली की लगेच येतो म्हणाला. जमीन तुझ्या नावावर आहे. तू येऊन बघ, नाही म्हण, मी हात लावणार नाही. पण ये."

मुदत ठरली ती अशी. पितरांचा पंधरवडा असेपर्यंत वेली सुरक्षित होत्या.

आमच्या इमारतीत त्या वर्षी गणपती बसले, उठले. मी आरतीला उभी राहिले की फोन उलटा ठेवायचे. व्हिसा केंद्राचा मेसेज आलाच तर आरती संपल्यावर दिसावा, म्हणून. येत नव्हता. ओदीलचा यायचा. म्युस्का गोड झाली आहे. पाऊस नाही. पुढच्या आठवड्यात तोडणी. तुझा व्हिसा? पुढच्या निरोपात फक्त प्रश्नचिन्ह असायचं.

मंदार एका संध्याकाळी म्हणाला, "अर्ज मागे घे. पासपोर्ट परत घे आणि दिंडोरीला जा. फ्रान्स पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी पट्टी नसेल."

"मग आत्ता दिंडोरी."

"रिकाम्या हाताने जाऊन दादाला काय सांगू?"

"तेच जे फोनवर सांगतेस. फक्त त्याच्यासमोर उभी राहून."

दोन दिवस घालवून मी केंद्रावर गेले. काउंटरवर तीच मुलगी होती. अर्ज मागे घेता येईल, म्हणाली. पण पासपोर्ट केंद्रावर नाही, पुढे गेला आहे. मागे घेण्याचा अर्जही पुढे जाईल आणि पासपोर्ट त्याच वाटेने, त्याच वेळात परत येईल. म्हणजे अर्ज मागे घेतला तरी तितकीच वाट पाहावी लागणार होती. मी विचारलं, निदान तो या बेटावर आहे का? तिने संगणकात पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, वो नहीं दिखाता." मी बाहेर आले. चष्म्यावर वाफ धरली. दारावरच्या पहाऱ्यावरच्या माणसाने, मी आंधळ्यासारखी उभी आहे असं वाटून, कोपराला धरून मला पायऱ्या उतरवल्या. मी अर्ज मागे घेतला नाही.

ओदीलने तोडणीच्या दिवशी फोन लावला. मला पाहायला मिळावं म्हणून. तिने फोन एका पोराकडे दिला आणि तो रांगांमधून फिरवायला सांगितलं. मागे ग्लांदासचा कडा सकाळच्या उन्हात पिवळसर दिसत होता. द्राक्षं लहान मण्यांची, उन्हाच्या बाजूने तांबूस. मला वास येईल असं वाटत होतं. आला तो आमच्या एसीचा. मग मी माणसं पाहायला लागले. प्रत्येक रांगेत दोन्ही बाजूंनी माणसं होती. विद्यार्थी, शेजारी, निवृत्त शाळाशिक्षक, कुणाचा तरी जावई. एक बाई लहान मूल पाठीला बांधून तोडत होती. दुपारी सगळे एका लांब टेबलावर जेवायला बसले, तेही ओदीलने दाखवलं. मी विचारलं, एवढी सगळी रोज येतात?

"रोज कशी येतील?" ती म्हणाली. "तोडणीला येतात. छाटणीला काही येतात. गवताला थोडे. त्याशिवाय कसं होणार? एकट्याने सेंद्रिय बाग होत नाही. एकट्याने फक्त पाठ मोडते. तुझ्या दिंडोरीवाल्याकडे किती जण आहेत?"

मी म्हणाले, तो आणि वहिनी.

 तिच्या मागे टेबलावर कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि सगळे मोठ्याने हसले. मग ती म्हणाली, "त्याचं वय काय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "माझ्याएवढाच."

पितृपक्ष लागला, सरत आला. इथे त्याचं काही दिसत नाही. मनामाच्या जुन्या भागात, नईमला राहणारे एक ओळखीचे काका तेवढे गच्चीवर भाताचा घास ठेवतात. कावळे मिळत नाहीत, मैना येतात. त्यांची बायको म्हणते, परदेशात पितरांनीही थोडं सांभाळून घ्यावं.

सर्वपित्रीच्या आधी मी दुपारी दादाला व्हिडिओ लावला. उचलला वहिनीने. दादा पट्टीत होता. ती फोन घेऊन खाली चालत गेली. चिखल, ओढ्याचा आवाज, तिचा धापा टाकणारा श्वास. ती म्हणाली, "ताई, एक सांगू? त्यांना सांगू नका. गवत काढायला बसले की उठायला माझा हात लागतो आता. डॉक्टर म्हणतो गुडघ्याचं ऑपरेशन करा. हे म्हणतात, पट्टीचं काहीतरी ठरू दे, मग. विजू येणार आहे, म्हणतात. तुमचं काही मनात धरू नका, पण तुमचं येणं ठरंना अन् यांचं बसणं सुटंना."

मग दादा दिसला. वेलीखाली बसला होता, एक पाय लांब करून. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. पाठीमागे पानांवर डाग.

"आलं का पुस्तक?"

"नाही. दादा, तुझे गुडघे कसे आहेत?"

त्याने वहिनीकडे पाहिलं. "गुडघ्याचं काय मधीच? येलीचं इचार. ही रांग बघ, ही चांगली आहे. ही ठेवता येईल. ह्या दोन रांगा तू म्हणशील तर मी..."

तो रांगा दाखवत राहिला.  मी पाहत होते. एरवी वडिलांसारखा दिसणारा तो पट्टी दाखवताना तसा दिसत नव्हता. तो थकलेल्या माणसासारखा दिसत होता. त्याला नाही म्हणता येत नव्हतं, कारण जमीन माझी होती आणि त्याने एकदा बरं म्हटलं होतं.

मी म्हणाले, "काढ, दादा."

"काय?"

"पट्टी काढून टाक. सगळी. दोन रांगाही ठेवू नकोस."

दादाने मागच्या पानावरचा डाग नखाने खरवडला.

"तू आली की बघू म्हणत होतीस."

"मला येता येत नाहीये. कधी येता येईल ते माहीत नाही. तू थांबू नकोस."

"नक्की? नंतर म्हणशील, दादानं न इचारता..."

"नाही म्हणणार. आणि ऑपरेशनची तारीख घे."

"कुणी सांगितलं तुला? हिनं?" तो वहिनीवर ओरडणार असं वाटलं. ओरडला नाही. नाक पुसलं. मग म्हणाला, "जेवली का तू?"

"जेवले."

"बरं. ठेवतो मग."

त्याने वहिनीकडून फोन घेऊन खिशात टाकला, पण बंद केला नाही. स्क्रीन काळी झाली आणि आवाज येत राहिला. कापडाची घसट. वहिनी म्हणाली, "द्या हात." दादाचा उठतानाचा हुंकार. 

"हो म्हणली?" वहिनीने विचारलं.

"हो म्हणली."

"मग रडताय कशाला?"

"कुठं रडतोय. सुटलो बाई," दादा म्हणाला. "चल. सुटलो."

दोघांच्या चपला चिखलातून निघण्याचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. वहिनी कशावरून तरी हसली, तोही हसला. किती दिवसांत तो असा हसला नव्हता, मला आठवेना. मी तो आवाज ऐकत बसले. फोन माझ्या बाजूनेही बंद करता येतो, हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं.